सीआरपी किती आला?

आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर अकरा दिवस काढले की माणूस बरंच काही शिकतो. कुठल्या सिस्टर हसून बोलतात, कॅन्टीनमध्ये ताजा चहा किती वाजता होतो, मोबाईल चार्ज करायला लिफ्टजवळचा कुठला प्लग चालू आहे... आणि सीआरपी म्हणजे काय.

‘‘तुमचा किती आला?’’

‘‘आज एकशे अठरा. काल एकशे नव्वद होता.’’

‘‘अरे वा, उतरतोय की! आमचा अजून दोनशेच्या वरच आहे हो.’’

दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारपाजारच्या आया जशा एकमेकींना टक्के विचारतात ना, अगदी तस्सं. फरक इतकाच, की इथे आकडा कमी आला की पेढे! माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आजोबांनी तर छोट्या डायरीत रोजचे आकडे लिहून ठेवले होते. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, लॅक्टेट, पांढऱ्या पेशी. सुवाच्य अक्षर, लाल शाईने आखलेले रकाने. आत त्यांची बायको होती.

आपल्या पुण्यात ही भाषा घरोघरी आली ती २०२० साली. ९ मार्चला शहरात करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि वर्षभरात सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-सिक्स हे शब्द भाजीवालीच्या तोंडीसुद्धा बसले. ते बरंही झालं. पण शब्द तोंडात बसला म्हणजे अर्थ डोक्यात शिरतोच असं नाही. माझाही शिरला नव्हता. मी आर्ट्‌सची पदवीधर. दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलं ते फक्त मुलांचा अभ्यास घेण्यापुरतं. तेव्हा पुढे जे लिहितेय ते बाकड्यावर बसून, विचारून विचारून, आणि नंतर घरी येऊन वाचून कळलेलं आहे.

आधी आमच्या घरचंच सांगते, कारण चूक आमचीच होती.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. खुटखुटीत. चार दिवस त्यांना लघवीला जळजळ होत होती. बोलल्या नाहीत. ‘‘असलं काय सांगायचं घरात,’’ हे त्यांचं नंतरचं स्पष्टीकरण. त्यातच एका लग्नाला गेल्या. बाहेर जायचं म्हणजे पाणी कमी प्यायचं, ही आपल्या सगळ्यांचीच वाईट खोड. कारण कार्यालयातल्या बाथरूमची अवस्था काय असते ते पुरुषांना काय कळणार! घरी आल्या त्या अंग कसकसतंय म्हणत. एक गोळी घेऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला त्यांनी ‘माई’ म्हणून हाक मारली. माई म्हणजे त्यांची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. मी हसले. यांना म्हटलंसुद्धा, ‘‘आईंचं आता वय दिसायला लागलं हो.’’

तो वयाचा दोष नव्हता. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता आणि मेंदूपर्यंत त्याची झळ पोचली होती. वयस्कर माणसांत पुष्कळदा तापाच्या आधी हे असं बरळणंच दिसतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. पहाटे त्यांचे हातपाय गार पडले, श्वास धापा टाकल्यासारखा चालू होता. रुग्णालयात पोचलो तेव्हा रक्तदाब हाताला लागत नव्हता. त्यांनी एकच शब्द सांगितला. सेप्सिस.

आपल्याकडे म्हणतात ना, ‘सेप्टिक झालं’ किंवा ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’, तेच ते. पण त्या शब्दाचा नीट अर्थ मला तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने समजावला. माझ्या भाचीच्या वयाची असेल. म्हणाली, ‘‘काकू, जंतू जेवढं नुकसान करतात ना, त्याहून जास्त नुकसान शरीराचा राग करतो.’’ संसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि आपलेच अवयव निकामी व्हायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणायचं. २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्याही साधारण हीच आहे. आणि हा काही क्वचित होणारा आजार नाही. २०१७ या एका वर्षात जगात जवळपास ४ कोटी ९० लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसं त्यात गेली, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक! तरीही आपण कुणाच्या बाबतीत ‘सेप्सिसने गेले’ असं म्हणत नाही. ‘न्यूमोनियाने गेले’, ‘किडनी फेल झाली’, ‘बाळंतपणात गेली’ असं म्हणतो.

आता त्या आकड्यांविषयी. सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते १९३० साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत ते भराभर बनवायला लागतं. पण ते ‘भराभर’ म्हणजे आपल्या हिशोबाने नव्हे हं! दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी आकडा चढायला लागतो आणि दीड-दोन दिवसांनी शिखर गाठतो. शिवाय तो नुसता भोंगा. आग लागलीय एवढंच सांगतो, कुठल्या मजल्यावर ते नाही. संधिवातातही वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, बाळंतपणानंतरही वाढतो.

प्रोकॅल्सिटोनिन त्यापेक्षा जरा शहाणं. एरवी ते थायरॉइड ग्रंथीत, तेही नावापुरतं, असतं. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की शरीरातले इतर अवयवही ते तयार करू लागतात. १९९३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. ते लवकर वाढतं, आणि अँटिबायोटिक लागू पडलं की उतरतंही लवकर. म्हणून औषध कधी थांबवायचं हे ठरवायला डॉक्टरांना त्याचा आधार होतो. लॅक्टेट म्हणजे पेशींना प्राणवायू आणि रक्तपुरवठा नीट मिळतोय की नाही याचा माग. आईंचा पहिल्या दिवशी चारच्या वर होता. दोनच्या आत असायला हवा.

पाचव्या दिवशी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. त्याचा एमडीचा प्रबंध होता, विषय ‘सेप्सिसमधील ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’. आईंचं थोडंसं जादा रक्त हवं होतं, त्यासाठी संमतीपत्र. मराठीत होतं, पण कसलं मराठी! ‘मुक्त मूलके’ वगैरे. मी म्हटलं, ‘‘बाबा, याचा आमच्या आईंना काय उपयोग?’’

‘‘त्यांना काहीच नाही, काकू,’’ तो म्हणाला. मला त्याचा हा प्रामाणिकपणा इतका आवडला, की मी त्याला बसवून घेतलं आणि म्हटलं, मग नीट समजावून सांग.

तर मैत्रिणींनो, गोष्ट अशी. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी प्राणवायूपासून जहाल पदार्थ तयार करतात. त्यातला एक म्हणजे चक्क ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवल्यावर जे तयार होतं तेच आम्ल! बाथरूमच्या फरशीवर आपण जे ओततो, ते आपल्या पेशी आतल्या आत बनवतात. एरवी ते मोजून मापून, जंतूपुरतं. आणि उरलेलं निस्तरायला शरीराकडे स्वतःची साफसफाईची द्रव्यं असतात, तीच ती अँटिऑक्सिडंट्‌स. सेप्सिसमध्ये ब्लीच उदंड आणि साफसफाई अपुरी, अशी गत होते. मग पेशींच्या आवरणातली चरबी खराब व्हायला लागते. ‘‘म्हणजे खवट होते?’’ मी विचारलं. तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, ‘‘अगदी तेच!’’ जुनं तेल किंवा खोबरं खवट झालं की त्यात जे पदार्थ तयार होतात, त्यातलाच एक, मॅलॉनडायआल्डिहाइड, तो आईंच्या रक्तात मोजणार होता. खाद्यपदार्थांतला खवटपणा मोजायला जी रासायनिक परीक्षा वापरतात, तीच रक्तालाही लावतात.

दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेल्या चिवड्याचा वास मला आठवला. इतकी वर्षं स्वयंपाकघरात जे नाकाने ओळखत आले, ते आयसीयूत आईंच्या अंगात चाललं होतं. मी सही केली.

या मोजणीवरून उपचार ठरवावेत एवढं ज्ञान अजून पुढे गेलेलं नाही, असं तो मुलगा स्वतःच म्हणाला. ते आपणही लक्षात ठेवायला हवं. कारण तिसऱ्याच दिवशी आमच्या एका नातेवाईक बाई कसलीशी अँटिऑक्सिडंट पावडर घेऊन आल्या. ‘‘नळीतून द्यायला सांगा डॉक्टरांना, माझ्याकडे सवलतीत मिळेल.’’ आता काय बोलणार! खरं तर मोठमोठ्या डॉक्टरांनाही हा मोह झाला होता. खवटपणा वाढतो तर अँटिऑक्सिडंट द्या, सरळ हिशोब. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी सलाइनमधून क आणि ब१ जीवनसत्त्व व स्टेरॉइड दिल्याने सेप्सिसचे रुग्ण वाचतात असं म्हटलं आणि जगभर गाजावाजा झाला. मग मोठी चाचणी झाली. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने ८७२ रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सलाइनमधून भरपूर क जीवनसत्त्व दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण एकतर दगावले किंवा त्यांचे अवयव महिन्याच्या शेवटीही यंत्रांच्या आणि औषधांच्या आधारावर होते. ज्यांना दिलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३८.५ टक्के. म्हणजे फायदा राहिला बाजूलाच! आवळा खा, लिंबू पिळा, माझं काही म्हणणं नाही. पण डबा विकायला आयसीयूच्या दारात येऊ नका.

एक तक्रार मात्र नोंदवतेच. त्या मुलाचा प्रबंध झाला असेल, त्याला पदवीही मिळाली असेल. आईंच्या रक्तात काय निघालं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. ज्यांचं रक्त घेतलं त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवायला काय हरकत होती? आम्ही काही पैसे मागणार नव्हतो.

आणि रोजच्या आकड्यांचंही तेच. रात्री मोबाईलवर रिपोर्ट यायचा, लाल अक्षरांत. समजावून सांगणारं माणूस सकाळी अकराला भेटणार, तेही तीन मिनिटं, उभ्याउभ्या. मधले बारा तास आम्ही नातेवाईक एकमेकांचे डॉक्टर! त्या निवासी मुलीसारखं कुणी भेटलं तर नशीब. डॉक्टरांवर किती ताण असतो ते अकरा दिवस डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण महाराष्ट्रात २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावणं नियमानेच आलं आहे. आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा त्यातला हक्क आहे. नुसता पीडीएफ धाडणं म्हणजे माहिती देणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आई घरी आल्या. पूर्वीसारख्या नाहीत, जिना चढताना थांबतात, नावं विसरतात. पण आल्या. वस्तीतली एक मात्र नाही आली.

पर्वती पायथ्याच्या वस्तीत मी बचतगटांचं काम करते. तिथली ही अडतीस वर्षांची बाई, धुण्याभांड्याची कामं करायची. मधुमेह होता. पायाला पत्रा लागला, हळद भरली, कामावर गेली. चार-पाच दिवसांनी दुपारी सडकून थंडी वाजली. मुलगा शिकलेला, हुशार. त्याने करोनात शिकलेलं शहाणपण वापरलं, थेट लॅबमध्ये नेऊन सीआरपी करून आणला. आकडा जेमतेम वाढलेला. घरच्यांना हायसं वाटलं. दोन दिवस ती घरीच पडून राहिली. ‘‘ताई, रिपोर्ट तर चांगला होता,’’ असं म्हणत त्या पोराने तो कागद माझ्यासमोर धरला, तेव्हा मला काय बोलावं सुचेना. थंडी वाजून दोन तास झालेले असताना यकृताचा भोंगा अजून पुरता वाजायचा होता, हे त्याला मी आता सांगून काय करणार होते? आणि त्या दोन दिवसांत तिला धाप लागत होती, ती दिवसभर लघवीला उठली नव्हती, पाय काळानिळा पडत होता, हे सगळं घरातल्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं. फक्त त्याचा रिपोर्ट नव्हता.

रक्तदाब कोसळल्यानंतर अँटिबायोटिकला होणाऱ्या उशिराचा हिशोब कॅनडा-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला होता. पहिल्या सहा तासांत एकेका तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. तासाचा हिशोब हा! आपण दोन दोन दिवस काढतो.

मला अशा वेळी गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत १९९५ पासून नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचं काम सुरू केलं. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांच्याकडे ना लॅब, ना सीआरपी. त्यांना बघायला शिकवलं. बाळाचं रडणं क्षीण झालं का? हातपाय लुळे पडले का? दूध ओढायचं कमी केलं का? अंग गार लागतंय का? अशा ठरलेल्या खुणा एकत्र दिसल्या की सेप्सिस समजायचा. आई-वडील रुग्णालयात न्यायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध. हजारी ६२ असलेला नवजात बालमृत्यूदर तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात साधारण १७ जायची, ती ३ च्या आत आली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. एका चिमटीएवढ्या रक्ताचीही तपासणी न करता!

म्हणून तपासण्या नकोत, असं मी म्हणत नाहीये. आईंच्या वेळी त्या आकड्यांनीच डॉक्टरांना सांगितलं की पहिलं अँटिबायोटिक लागू पडलंय. पण ते आकडे आत गेल्यावरचे. दाराबाहेर, घरात, बघणं आपल्याकडे आहे. आणि बघण्याच्या बाबतीत घरातल्या बाईकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, तिचं स्वतःचंसुद्धा. बाळंतिणीला ताप आला की ‘दूध उतरतंय’. सासूबाई बरळल्या की ‘वय झालं’. कामवाली धापली की ‘नाटकं करते’.

बाळंतिणींची तर ही कहाणी फार जुनी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तिथल्या एका विभागात विद्यार्थी-डॉक्टर बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बायका तापाने पटापट मरायच्या, इतक्या की ‘मला तिकडे नेऊ नका’ म्हणून हातापाया पडायच्या. म्हणजे बायकांना कळलं होतं, डॉक्टरांना नाही! विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात, हे सेमेलवाइसनी हेरलं आणि हात क्लोरिनच्या चुन्याने धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ जणी गेल्या होत्या, काही महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आलं. म्हणजे बघा, पुन्हा ब्लीच! आत पेशी जे करतात तेच बाहेर हातांवर. त्या भल्या माणसाचं कुणी ऐकलं नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून, म्हणजे सेप्सिसनेच, ते गेले. सत्तेचाळीस वर्षांचे होते.

गेल्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत मी हप्त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर खुणा लिहून घेतल्या. थंडी वाजून ताप, किंवा उलट अंग गार. धाप. बरळणं, नाहीतर न उठवणारी झोप. दिवसभर लघवी नाही. कातडीवर काळेनिळे डाग. कुठे जखम, लघवीची जळजळ, नुकतंच बाळंतपण असं काही असताना यातलं काही दिसलं, तर लॅबमध्ये नाही, सरळ रुग्णालयात. आणि तिथे तोंडाने विचारायचं, ‘सेप्सिस तर नाही ना?’ लाजायचं नाही.

सगळ्या जणी माना डोलावत होत्या. मागून एकजण म्हणाली, ‘‘ताई, नवऱ्याचं, पोरांचं आम्ही बघू. पण हे मलाच झालं आणि मीच बरळायला लागले, तर बघणार कोण?’’

हशा पिकला. मग हळूहळू थांबला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एका शेजारणीचं नाव लिहायचं. जिच्याशी भांडण आहे तिचं लिहायचं नाही, अशी अट कुणीतरी घातली आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. त्या दिवशी हप्ते गोळा करायचे राहूनच गेले.